नुसतं तोंड हलवा

आष्ट्यातल्या हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या एकतीस बायकांवर अन्याय झाला. कधी? मार्गशीर्षातल्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. कुठे? सांगलीतल्या एका सभागृहात, रंगमंचाच्या विंगेत. वेळ पक्की आहे, कारण अन्याय होताना घड्याळ बघायची मला सवय आहे. पत्रकात वेळ घातली की समोरच्याला ‘असं काही झालंच नाही’ म्हणता येत नाही.

अन्याय बत्तिसाव्या माणसावरही झालाय, पण तो त्या शनिवारी नाही, फार आधी. ते मला चार दिवसांनी कळलं. त्या माणसाचं नाव आप्पा मगदूम. आधी त्यांची ओळख करून देते, म्हणजे तुम्हालाही नीट राग येईल.

आप्पा सोळा गायक-गायिकांच्या एका वृंदाचे व्यवस्थापक आहेत. वृंद म्हणजे हौशी मंडळ नव्हे. एकच गाणं चार वेगवेगळ्या सुरांत विणून म्हणणारी, मानधन घेणारी, गळ्याला मफलर गुंडाळून हिंडणारी सोळा माणसं. तालीम साताऱ्यात, मीनलताईंच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मीनलताई गाणी बसवतात आणि समोर उभ्या राहून हाताने वृंद चालवतात. बाकी सगळं आप्पा. कार्यक्रम कुठे, कुणापुढे, कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, सगळं आप्पा ठरवतात.

आणि हे आप्पा जन्मभर काय करत होते? साखर कारखान्यात चिटबॉय होते. गावोगाव फिरून कुणाचा ऊस कधी तुटणार याची चिठ्ठी देणारा माणूस म्हणजे चिटबॉय. निवृत्त झाले तरी बॉयच. ते अजून आष्ट्यात राहतात आणि दर रविवारी एसटीने साताऱ्याला तालमीला येतात.

गाण्यांचा क्रमही ते उसासारखाच लावतात. दीड वर्ष रानात उभा राहणारा ऊस आडसाली, म्हणून संथ, लांबलचक गाणंही आडसाली. तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, म्हणून मागच्या वर्षीचं गाणं पुन्हा घेतलं की खोडवा. मीनलताईंनी एकदा नऊ मिनिटांची एक गंभीर रचना सुरुवातीला ठेवली. आप्पांनी कागद परत केला.

"ताई, पयल्यालाच आडसाली लावू नगा. मानसं आजून चपला काढत असत्यात."

मीनलताई शास्त्रीय संगीत शिकलेल्या. त्यांनी रागाने क्रम बदलला आणि कार्यक्रम रंगला. त्यावर आप्पा नुसतं एवढंच म्हणाले, "उतारा बरा पडला." उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर. टाळ्यांना ते मोजत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर किती माणसं पायऱ्यांवर गुणगुणत उतरली, यावर त्यांचा उतारा.

मी या वृंदात कशी आले? मला गाता येत नाही. साताऱ्यात बसस्थानकावरच्या बायकांच्या मुतारीला कायम कुलूप असायचं. त्याविरुद्ध मी पत्रकं वाटत होते. एका म्हाताऱ्याने पत्रक घेतलं, तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे लिवलंय कुनी?"

"मी."

"राग चांगला हाय. पर वाक्य लय भरलंयस. गाडीत किती ऊस भरायचा याला माप असतंय. तुझ्या वाक्यात बैल खाली बसतोय."

त्या दिवसापासून मी वृंदाची पत्रकं लिहिते. आप्पा मला नावाने हाक मारत नाहीत. ‘पत्रकवाली’ म्हणतात. मुतारीचं कुलूप उघडलं, तेव्हा मात्र पेढे त्यांनीच वाटले.

आप्पा जैन. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. हा त्यांचा नेम, आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण आपण जेवलो आणि गाणारे उपाशी, हे त्यांना पटत नाही. म्हणून सहाचा कार्यक्रम असला की साडेपाचला सोळाही जणांना भाकरी, आमटी आणि भरली वांगी घेऊन बसवतात. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. कराडला एका हॉलच्या रखवालदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "नवरी कुठाय?" खर्जात गाणारे चौघे कार्यक्रमाआधी ‘गळा मोकळा करायला’ म्हणून बाहेर जातात आणि वडापाव खाऊन येतात. आप्पांना माहीत आहे. ते फक्त त्या चौघांना माइकपासून वीतभर लांब उभं करतात.

मोठ्या हॉलमधला एक कार्यक्रम झाला की गाणं कधीच न गेलेल्या जागी एक करायचा, हा आप्पांचा दुसरा नेम. आम्ही दूध संकलन केंद्रावर गायलोय. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गायलोय. साताऱ्याकडच्या एका गावात निम्मी मंडळी फौजेतून निवृत्त झालेली. सोळा जण एका रंगाच्या कपड्यात, एका ओळीत उभे राहून गायला लागले, तसे पुढच्या रांगेतले म्हातारे ताडकन उठून सावधान उभे राहिले. ते उठले म्हणून मागचे उठले. दुसरं गाणं झालं, तिसरं सुरू झालं, कुणी बसेना. एकाचे गुडघे थरथरायला लागले, तेव्हा आप्पांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "विश्राम."

सगळे एकदम बसले.

त्याच गावात एकाने त्यांना अडवलं. "आवं, सगळी येकदम का म्हनत्यात? येकेकाला म्हनू द्या की."

"तुमच्यात जेवताना येकेक बोलत्यात व्हय?"

"न्हाई. सगळी येकदम."

"मग? आन् तरीबी तुमास्नी कळतंय न्हवं, कोन भाजी मागतंय आन् कोन रुसलंय?"

चार सुरांतलं गाणं म्हणजे काय, हे मला मीनलताईंकडून तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

आणि एक नियम. शेवटचं गाणं सगळ्यांनी म्हणायचं. ऐकणाऱ्यांनी, रखवालदाराने, चहावाल्याने, मीसुद्धा. "कुनाला गप म्हनायचं न्हाई," हे आप्पा प्रत्येक कार्यक्रमाआधी वृंदाला बजावतात. त्या वेळी ते स्वतः कडेला, माझ्या शेजारी उभे असतात. तोंड एवढं उघडलेलं, मानेच्या शिरा टरारलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस एकटा हॉल भरतोय. वृंदातल्या एकाने एकदा विचारलं होतं, "आप्पा, तुमची पट्टी कुठली?"

"मी म्यानेजमेंटात," आप्पा म्हणाले.

आम्ही हसलो होतो. ते हसू लक्षात ठेवा. मला ते परत घ्यायचं आहे.

आता ते गोदाम. सहा बुधवार जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथे जात होतो. हळदीची कांडी निवडणाऱ्या एकतीस बायका, कोपरापर्यंत पिवळ्या. त्यातल्या शालनकाकू मोठ्या, गोदाम त्यांच्या शब्दावर चालतं. त्यांच्या तोंडातून मीनलताईंनी त्यांच्या आईची, जात्यावरची एक ओवी घेतली आणि तिच्याभोवती सोळा आवाज विणले. मधोमध ओवी बायकांची, कडेने वृंद. पहिल्यांदा ते सगळं जुळलं तेव्हा शालनकाकू म्हणाल्या, "आगं बया, माजी आय आज शालू नेसली." सांगलीच्या कार्यक्रमात ही ओवी शेवटची ठेवायची ठरली.

त्या शनिवारी मीनलताई आणि सोळा जण रंगमंचावर होते. विंगेत बायका, आप्पा आणि मी. एकतीस जणींनी हात घासून घासून धुतले होते, तरी नखं पिवळीच होती. सहा चाळीसला यजमान संस्थेचे अध्यक्ष आले.

"मगदूमसाहेब, दुपारची तालीम ऐकली मी. बायकांचा सूर हलतोय. आज व्हिडिओ होणार, पुण्याचे पाहुणे आलेत. त्यांना सांगा, झकास उभ्या राहा, नुसतं तोंड हलवा. आवाज आपले सोळा जण देतील."

मी म्हटलं, "गाणं त्यांचं आहे."

"हो तर. म्हणून तर स्टेजवर घेतलंय."

मी आप्पांकडे बघितलं. कारखान्याच्या संचालकाला ‘तुमची चिठ्ठी तुमच्या पाळीला’ म्हणून परत पाठवलेला हा माणूस. आता अध्यक्षांची पाळी, असं मला वाटलं. आप्पा जमिनीकडे बघत होते. पिशवीचा बंद त्यांनी मुठीत धरला होता, शाळेत धरतात तसा.

शालनकाकूंनी विचारलं, "आप्पा, काय करायचं?"

"हालवा," आप्पा म्हणाले.

आणि त्या बायका गेल्या, उभ्या राहिल्या, आपल्याच आयांची ओवी तोंड हलवून म्हणाल्या. मीनलताईंना वाटलं बायका बुजल्या, म्हणून त्यांनी हाताने खूण करून मधली ओवीही सोळा जणांकडून म्हणवून घेतली. टाळ्या झाल्या. पुण्याचे पाहुणे उभे राहिले. मीनलताईंना मागून सगळं कळलं तेव्हा त्या अध्यक्षांना जे बोलल्या, ते मी पत्रकातही छापू शकत नाही. परतीच्या गाडीतून आष्ट्यात उतरताना बायका आप्पांना ‘येतो’ म्हणाल्या नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी पत्रक लिहून काढलं. अध्यक्षांचं नाव वर, आप्पांचं खाली. आपल्या माणसालाही सोडायचं नाही, असं मला शिकवलं गेलंय. बुधवारी ते खिशात घालूनच मी आप्पांबरोबर गोदामात गेले.

कुणी हात थांबवला नाही. कांडी टोपल्यात पडल्याचा आवाज तेवढा.

"या म्यानेजर," शालनकाकू म्हणाल्या. "बसा. आवाज तुमी द्या. आमी तोंड हालवतो."

बायका हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. आप्पा पोत्यावर बसले.

"मला न्हाई देता येत."

"का वं?"

"चौथीत हुतो. पंधरा आगस्टचं गानं बसवत हुतं. गुरुजी ओळीतनं कान लावत लावत आलं आन् माझ्यापाशी थांबलं. म्हनलं, मगदूम, तू नुसतं तोंड हलव."

"मग?"

"मग काय. हालवतोय."

कांडी पडायची थांबली.

"आजून?" शालनकाकूंनी विचारलं.

आप्पांनी मान हलवली. "शनवारी त्येच शब्द आलं. मी परत ओळीत जाऊन हुबा ऱ्हायलो. तुमास्नी हुबं केलं. चुकलं माझं."

तीन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी उभी राहून शेवटचं गाणं म्हटलंय. हाताएवढ्या अंतरावर. तीन वर्षांत त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता आणि ऐकला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी लिहिते म्हणून मी मिरवते.

शालनकाकूंनी पदराला हात पुसले. "देवळात तरी?"

"तोंड हालवलं."

"बायकूम्होरं?"

"ती गेली. तिला वाटायचं, मला गान्याची आवडच न्हाई."

"न्हानीत?"

आप्पांनी बराच विचार केला. "नळ सोडून. येकदा."

आता बायका हसल्या, आणि हे हसणं वेगळं होतं. शालनकाकू उठून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हे बगा. आमी परत गातो. पर आष्ट्यात, आमच्या मानसांम्होरं. आन् तुमी कडंला न्हाई, आमच्यात, माज्या शेजारी हुबं ऱ्हायचं. मला ऐकू आलं पायजे. न्हाई आलं तर मी मदीच थांबनार."

आप्पांनी पिशवीतून कागद काढला, कार्यक्रमाचा क्रम लिहायला घेतला. शेवटच्या गाण्यापुढे नेहमी गाणाऱ्यांचा आकडा असतो. तिथे त्यांनी लिहिलं, ‘सोळा, एकतीस आणि एक’. मग ‘एक’पुढे कंसात लिहिलं, ‘बघू’. तो कागद माझ्याकडे आहे.

खिशातल्या पत्रकातलं खालचं नाव मी काढलं. वरचं ठेवलं. ते पत्रक सांगलीत वाटून झालं.

हे दुसरं पत्रक आहे आणि ते तुमच्यासाठी आहे. आप्पांनी बजावलंय, "माझं नाव घालू नगंस." मी घातलंय. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, आष्ट्यात बाजाराच्या मैदानावर या. गाणं सूर्य बुडायच्या आत संपेल आणि बुडायच्या आत जेवायलाही मिळेल, कांद्याशिवाय. तुमचा गळा चांगला असेल तर मागे बसा, तुमचं आमच्यावाचून अडलेलं नाही. पण तुम्हाला कधी कुठल्या ओळीत कुणी नुसतं तोंड हलवायला सांगितलं असेल, तर मागे बसू नका. शेवटच्या गाण्याला उठा, पुढे या, आप्पांच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा आणि त्यांच्या आधी तोंड उघडा. मोठ्याने गा. बेसूर गा. त्यांच्याहून वाईट गाणारं कुणीतरी त्यांना शेजारी लागणार आहे. ते तुम्ही व्हा.