पूर्ण नाव लिहा

चूक तुमची आहे, साहेब. अंजनाबाईंची नाही. रक्ताच्या नळीवर हाताने काही लिहायचं नाही, एक्सेलच्या तक्त्यात नाव भरायचं, त्यातून क्यूआर कोडचं लेबल छापायचं आणि तेच चिकटवायचं, हा हुकूम तुमचा. रकान्यावर ‘पूर्ण नाव लिहा’ हेही तुमचंच. लेबल मात्र दिलंत अंगठ्याच्या नखाएवढं. शिराळ्यातली माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, हे विचारायला तुमच्यापैकी कुणी फिरकलं नाही. मग काय झालं ते ऐका.

अंजनाबाई तुमच्या लॅबच्या शिराळ्यातल्या शाखेत रक्त घेतात. नळ्या गाडीने सांगलीच्या मोठ्या लॅबला जातात. तक्ता, लेबलं, प्रिंटर, सगळं त्या न कुरकुरता शिकल्या. कधी काही अडलं नाही. मग एके सकाळी त्यांचे मालकच खुर्चीत येऊन बसले.

मालक म्हणजे त्यांचा नवरा, लालासाहेब. फौजेत उमेद गेली, बर्फात पहारे दिले. टाचेला नवी चप्पल चावली होती आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आधी साखर तपासा. तेव्हापासून सुईचा विषय निघाला की हा गडी उसाच्या फडात गायब. त्या दिवशी अंजनाबाईंनी त्यांना कसंबसं आणलं होतं.

“एकदाच देनार,” लालासाहेबांनी बजावलं. “परत बोलवायचं न्हाई.”

“डोळं मिटा.”

“मिटल्यात.”

“आवं, डोळं मिटा म्हनलं. हात कशाला काखंत घातलाय?”

रक्त निघालं, लालासाहेब मागे न बघता घरी गेले आणि अंजनाबाई तक्ता भरायला बसल्या. नावाच्या रकान्याशी त्यांची बोटं थांबली. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव सरळ तोंडाने घेतलं नव्हतं. मग हाताने तरी कसं घ्यायचं? रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळे कागद त्यांचा साईराज भरायचा आणि साईराज आता पुण्यात. त्यांनी लिहिलं, ‘आमचे हे’. रकाना लाल झाला. ‘साईराजचे पप्पा’ लिहिलं. पुन्हा लाल. खाली तुमची सूचना: नावात किमान तीन शब्द हवेत.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे एकच रीतसर वाट आहे, साहेब. हळदीकुंकवाला सगळ्या बायका त्याच वाटेने जातात. अंजनाबाईंनी ती धरली आणि रकान्यात लिहिलं:

‘हळद सांगलीची, कोल्हापूरचा गूळ, लालासाहेब सुईला भितात, एवढंच त्यांचं खूळ.’

रकाना हिरवागार.

पण मजकूर जेवढा लांब, तेवढे त्या कोडातले ठिपके बारीक. बाकीच्या लेबलांवर नीट चौकोन होते. या लेबलावर खसखस सांडल्यागत दिसत होतं. सांगलीच्या मशीनने ते वाचलंच नाही. तिथल्या परवीनचा फोन आला.

“अंजनाताई, एक नळी वाचंना झालीया. कुनाची हाय?”

“आमच्या ह्यांची.”

“नाव सांगा, मी हातानं टाकते.”

“नाव कसं सांगू, परवीन?”

“व्हय की. मी तरी कुठं सांगते? अर्फाचे अब्बाच म्हनते. पन ताई, कम्प्युटरला अर्फा ठाव न्हाई. अन् संध्याकाळपर्यंत न्हाई चढली, तर नळी टाकून द्यायचा हुकूम हाय.”

नळी टाकली म्हणजे पुन्हा सुई. पुन्हा सुई म्हणजे उसाचा फड. आणि टाच तशीच चिघळत राहणार.  अंजनाबाईंनी घरी फोन लावून लालासाहेबांना त्याच बोलण्यात जोडलं.

“आवं, परवीनला नाव सांगा तुमचं.”

“लालासाहेब जोतीराम शेवाळे,” परेडला हजेरी द्यावी तसा आवाज आला.

“असा पेशंटच न्हाई हितं,” परवीन म्हणाली. “ताई, रकान्यात जसं लिवलंय तसंच्या तसं टाकल्याबिगार उघडत न्हाई. यादी आमाला दिसत न्हाई, गुप्त असती.”

गुप्त ठेवायचा हुकूम कुणाचा, तेही तुम्हाला माहीत आहे.

“तुमी ठेवा फोन,” अंजनाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“का? रगात माझं हाय.”

अंजनाबाईंनी पदर सारखा केला. फोनवर तो कुणाला दिसणार होता? पण सारखा केला आणि उखाणा म्हटला. परवीनने टाइप करायला फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे सांगलीच्या लॅबमध्ये सगळ्यांचे हात थांबले.

“खूळवर गडबडले,” परवीन म्हणाली. “परत सांगा, सावकाश.”

अंजनाबाईंनी परत नाव घेतलं. सावकाश.

“उघडलं बघा. ताई, लय ग्वाड हाय वो.”

 “भितो म्हनं,” एवढंच लालासाहेब पुटपुटले आणि त्यांनी फोन ठेवला.

रिपोर्ट आला. नावाच्या जागी अख्खा उखाणा, खाली साखर वाढलेली. डॉक्टरांनी जेवणानंतरचं रक्तही तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी मान वर केली तर लालासाहेब समोर खुर्चीत, बाही दुमडून. रिपोर्टची घडी वरच्या खिशात.

“परत बोलवायचं न्हाई म्हनलावता न्हवं?”

“बोलीवलं कुनी? मी आलोय.” त्यांनी हात पुढे केला. डोळे उघडे होते. “नाव तेवढं कालचंच टाक.”

“गूळ बंद केलाय डॉक्टरनं.”

“खायाचा बंद. नावातला ऱ्हाऊ दे.”

आणि आता तुमची नोटीस आली आहे, साहेब. नावाच्या रकान्यात अनावश्यक मजकूर भरल्याबद्दल अंजनाबाईंनी लेखी खुलासा द्यावा. त्यांनी का द्यावा? तुम्ही द्या. त्यातला कुठला शब्द अनावश्यक आहे? आणि तुमच्या घरात तुमचं नाव एवढं जपून शेवटचं कुणी, कधी घेतलं? लेखी उत्तर पाठवा. खाली पूर्ण नाव लिहा.