जिभेला न कळलेली साखर

नांद्याच्या पुढे, हिंजवडीच्या उंच इमारती दरवर्षी थोड्या जवळ सरकतात अशा एका गावात शेखरअण्णा राहतात. त्यांनी जमीन विकली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. नांगर गेला, चालणं गेलं आणि साखर आली. गावाने तिला कधी दुखणं मानलं नाही. ज्याची जमीन विकली गेली नाही त्याला ती सहसा होत नसे, त्यामुळे तिला गावात मान होता.

यंदा नव्या बुटाने अण्णांच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी बजावलं की गोळ्या चुकवू नका, गोड बंद करा, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अण्णा घाबरले, अगदी मनापासून घाबरले. पण अंगठा की जिलबी असा प्रश्न पडला की तिसरा मार्ग शोधायचा, हा त्यांचा सोसायटीच्या चेअरमनकीपासूनचा शिरस्ता.

तिसरा मार्ग वरच्या मजल्यावरच भाड्याने राहत होता. पियूष नावाचा हा मुलगा पुण्याच्या प्रयोगशाळेत वनस्पतींमधल्या द्रव्यांवर संशोधन करी. त्याने अण्णांच्या कुंपणावरची एक वेल दाखवली आणि सांगितलं की हिच्या पानातलं द्रव्य मधुमेहावर उपयोगी पडण्याची शक्यता आहे, उंदरांवर प्रयोग चालू आहेत, माणसांबाबत अजून खात्री नाही, गोळ्या मात्र सोडू नका. पान चावलं की थोडा वेळ गोड लागत नाही, हेही तो बोलता बोलता सांगून गेला. अण्णांनी एवढ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ठेवून घेतलं.

त्यांनी पाला चावला आणि साखरेचा बोकाणा भरला. तोंडात नुसती वाळू. अण्णा शांतपणे म्हणाले, "जिभेला कळंना, तर रक्ताला कोन सांगनार?"

पियूषने समजावलं की फक्त जीभ फसते, साखर पोटात जायची ती जातेच. अण्णांनी त्याला पुढच्या शिक्षणासाठी आशीर्वाद दिला.

आता आपल्याकडे पंगतीत जिलबी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर ताट भिरकावणं. त्यामुळे या शोधाने मधुमेह आणि आग्रह या दोघांचीही सोय झाली. पुढच्याच लग्नात मांडवाच्या दारात अत्तराऐवजी पाला आला. जिलबी पुठ्ठ्यासारखी लागते अशी तक्रार झाली, म्हणून आचाऱ्याने पाक दुप्पट केला. तरी मन भरेना, म्हणून लोकांनी जिलबी दुप्पट खाल्ली. एकालाही गोड लागलं नाही, त्यामुळे गोड खाल्ल्याचा आरोप कुणावरच ठेवता येईना.

मग रीतसर मधुमेह निर्मूलन समिती स्थापन झाली आणि अण्णा बिनविरोध अध्यक्ष झाले. घरोघर पाहणी झाली. आधी पाला चावायला द्यायचा, मग चिमूटभर साखर द्यायची आणि विचारायचं, गोड लागलं का? 'नाही' म्हणेल तो निरोगी. रक्ततपासणीची सूचना एका मास्तरांनी मांडली; ती 'वेदनादायक व समितीच्या निष्कर्षास बाधक' असल्याने फेटाळण्यात आली. गाव शंभर टक्के मधुमेहमुक्त ठरलं आणि वेशीवर तसा फलक लागला.

इथे अण्णांची पंचाईत झाली. मधुमेहमुक्त गावाच्या अध्यक्षाने मधुमेहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या? त्यांनी त्या बंद केल्या. त्यांच्या पत्नी शारदाबाई रोज अंगठ्याची पट्टी बदलत. एके दिवशी पट्टी सोडून त्यांनी अंगठा उजेडात धरला.

"काळा पडलाय," त्या म्हणाल्या. "अध्यक्षपद लई मोठं असंल, पर चालायला पाय लागतो."

अण्णांना त्यांचं पटलं. पण मधुमेहमुक्तीबद्दल गावाने ठेवलेला त्यांचा सत्कार दुसऱ्याच दिवशी होता, आणि अंगठ्याला आणखी एक दिवस कळ काढता येईल असं त्यांना वाटलं. सत्कारात गावाने त्यांना प्रेमाने पेढे भरवले. त्यांनी आधी पाला चावला होता, त्यामुळे ते सगळे पेढे हिशेबातच आले नाहीत.

त्याच आठवड्यात अंगठा गेला.

दवाखान्यात अण्णा छताकडे बघत पडले होते. आपण किती मोठे गाढव आहोत याचा पुरावा पायाला बांधून ठेवलाय, असं त्यांना वाटत होतं, आणि त्याचं हसूही येत होतं. भेटायला नेऱ्याचे त्यांचे व्याही कुशाबा आले. त्यांनी पायाकडे पाहिलं, हळहळ व्यक्त केली, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"अंगठ्याचं जाऊ द्या आता. त्यो पाला जेवनाआधी घ्यायचा का नंतर?"

"आधी," अण्णा म्हणाले. मग आपलंच उत्तर ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. पण कुशाबांनी ते बघितलं नाही, ते एव्हाना दारापर्यंत पोचले होते.

वेलीचं नाव या कथेत मुद्दामच दिलेलं नाही. ते कधी येतंय याची आपण मघापासून वाट बघत असाल, तर अण्णांच्या शेजारची खाट अजून रिकामी आहे.