घमेल्यातला शकुन

कवळीकाकांनी दुपारी एका हाताने प्लास्टर कालवायला घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन हलवायला घेतला, तिथेच सगळं फिसकटलं. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. त्यातून आज कवळ्यांचे बरेच साचे एकदम भरायचे म्हणून काकांनी चांगलं घमेलंभर भिजवलं होतं.

फोन हलवण्यामागचं कारण काकू. बहिणीचा पाय मोडला म्हणून त्या तिच्याकडे गेल्या होत्या. निघताना काका म्हणाले होते, "जा खुशाल, माझं काही अडत नाही." बहीण आता जिने चढत-उतरत होती, पण काकूंचा परतायचा पत्ता नव्हता. 'ये' म्हणायचं तर कमीपणा घ्यावा लागतो, आणि तो काकांनी जन्मात घेतला नव्हता. चहाला मात्र अजून दोन कपांचंच आधण चढायचं. दुसरा कप ते गार झाल्यावर पिऊन टाकत.

लेकीच्या हे लक्षात आलं. तिने काकांच्या फोनमध्ये प्राचीन चिनी शकुनाचं ॲप घालून दिलं.

"बाबा, मनातला प्रश्न धरायचा आणि फोन सहा वेळा हलवायचा. दर वेळी तीन नाणी पडतात, एक रेघ उमटते. सहा रेघा झाल्या की ॲपमधली बाई उत्तर वाचते. पण हे भविष्य नाही हं. आपला आपण विचार करायचा."

विचारबिचार करतोय कोण! काका रोज एकच विचारत, तिला 'ये' म्हणू का? बाई कधी म्हणे, "पायथ्याशी धुकं आहे, थांबा." कधी म्हणे, "बी जमिनीत आहे, उकरू नका." आणि काका मुकाट थांबत.

त्या दुपारी पाच रेघा झाल्या. सहाव्या हेलकाव्याला फोन बरबटलेल्या हातातून सटकला आणि घमेल्यात गडप झाला. काका वाकणार तोच दारात एक बोळके आजोबा येऊन उभे राहिले.

"कवळी झाली का? संध्याकाळी पत्त्यांचा डाव आहे. दातांशिवाय रुबाब पडत नाही हो."

त्यांची समजूत काढेपर्यंत घमेल्यात दगड झाला होता. आणि त्या दगडात फोन वाजू लागला. ती रिंग काकांनी फक्त काकूंसाठी लावली होती.

इतक्या दिवसांनी ती आपणहून फोन करतेय, आणि मी उचलत नाही! त्यांनी हातोडी घेतली आणि ठोका घातला.

ठोक्याने आतला फोन हलला. "पहिली रेघ," घमेल्यातून बाईने पुन्हा सुरुवात केली.

"आत कोण आहे?" आजोबांनी विचारलं.

काका ठोकत राहिले, रेघा पडत राहिल्या. सहाव्या ठोक्याला बाई म्हणाली, "शांत राहा. दार आपोआप उघडेल."

"कसलं उघडतंय," आजोबा म्हणाले, "छिन्नी घाला."

छिन्नी घातली. रिंग बंद पडली आणि बाईही गप्प झाली. काका तसेच पांढऱ्या हातांनी शेजारच्या औषधवाल्याकडे धावले, त्याचा फोन ओढून घेतला आणि नंबर फिरवला. तो एकच नंबर त्यांना पाठ होता.

"अगं, मी बोलतोय."

"अहो, फोन का उचलत नव्हता?"

"प्लास्टरमध्ये पडला."

"कसा काय?"

काका थाप मारणार होते, पण धाप एवढी लागली होती की खरं तेच बाहेर पडलं. "शकुन बघत होतो. तुला ये म्हणू का, ते."

काकूंनी विचारलं, "चिनी?"

"तुला कसं कळलं?"

"लेकीने मलाही घालून दिलंय. मी रोज विचारते, न बोलावता जाऊ का. बाई म्हणते, बी उकरू नका. आज म्हटलं, गेली उडत, आणि केला फोन."

काका औषधवाल्याच्या काउंटरला टेकले. "अगं, फार अडतं. घर खायला उठतं. तू ये."

दुकानातली गिऱ्हाइकं चिठ्ठ्या हातात धरून ऐकत उभी होती. काकांना त्यांची लाज वाटली नाही.

"अशी नाही यायची मी," काकू म्हणाल्या. "उद्या घ्यायला या."

"उद्या कशाला? संध्याकाळची गाडी आहे."

"मग धुतलेला शर्ट घालून या," काकू म्हणाल्या. "घरात एखादा धुतलेला उरला असेल तर."