शंभरावा ठिपका

एका जंगलात, मुलांनो, सागाच्या बुंध्याशी एक वारूळ होते. तिथल्या मुंग्या अत्यंत उद्योगी म्हणून नावाजलेल्या होत्या. हे प्रथम कोण म्हणाले याचा पुरावा उपलब्ध नाही. पण वारुळाच्या दारावर तसे लिहिलेले होते.

या वारुळात अच्युतराव नावाचे एक मुंगळे राहत. (काम करणाऱ्या मुंग्या सगळ्या माद्याच असतात, असे जीवशास्त्राच्या पुस्तकात दिले आहे. परंतु तो धडा तुम्हाला पुढच्या वर्षी आहे.) अच्युतराव रांगप्रमुख होते. दाणे घेऊन रांग निघाली, की तिच्या कडेने ते दिवसभर पुढे-मागे धावत आणि "चला, चला, अंतर ठेवू नका," असे म्हणत. संध्याकाळी त्यांचे सहाही पाय दुखत. आपल्या लेकीने, कणीने, आपल्याकडे पाहून कष्ट म्हणजे काय ते शिकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

एके दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. विज्ञान प्रदर्शन भरणार होते. प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा, पालकांनी मदत करू नये, अशी सूचना होती आणि तिच्याखाली पालकांची सही हवी होती. अच्युतरावांनी सही केली आणि ते मदतीला बसले.

"ज्वालामुखी करू," ते म्हणाले. "गेल्या वर्षी ज्वालामुखीचाच पहिला नंबर आला."

"गेल्या वर्षी चौदाच्या चौदा ज्वालामुखीच होते, बाबा."

"मग आला की नाही?"

"मला मोजायचंय. आपल्याकडे खरंच किती जण काम करतात ते."

"एवढंच ना? सगळेच करतात. लिही, शंभरातले शंभर. आता रंग कुठला द्यायचा ते बोल."

"मोजायच्या आधी कसं लिहू?"

अच्युतरावांना हा प्रश्न अनावश्यक वाटला. पण लेकीचे मन मोडवेना.

कणीने काम वाटून दिले. अच्युतरावांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठीवर शेवंतीच्या परागाचा ठिपका लावायचा आणि त्यावर क्रमांक घालायचा. कणीने गवताच्या उंच पात्यावर बसून नोंदी करायच्या. तिथून चेहरे दिसत नसत, फक्त पाठी दिसत. नव्व्याण्णव ठिपके झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली आणि शंभरावे कोणी मिळेना. तेव्हा अच्युतरावांनी शंभरावा ठिपका शेजाऱ्याकडून स्वतःच्या पाठीवर लावून घेतला. विज्ञानासाठी थोडा त्रास सोसलाच पाहिजे, असे ते त्याला म्हणाले.

बारा दिवस नोंदी झाल्या. कणीचे अक्षर किरटे असल्यामुळे तक्ता अच्युतरावांनी लिहायला घेतला. त्यासाठी त्यांनी तीन दिवसांची रजा काढली. सुवाच्य अक्षरात लिहीत लिहीत ते खाली आले. सदतीस जणांनी बारा दिवसांत काहीच केले नव्हते. त्यांतला शेवटचा होता क्रमांक शंभर.

अच्युतरावांनी लेखणी खाली ठेवली.

"कणू," ते म्हणाले, "काम म्हणजे नक्की काय धरलंयस तू?"

"वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं. पुस्तकातली व्याख्या आहे."

"देखरेखीचं काय मग? देखरेख नको का धरायला?"

"ते मलाही वाटलं होतं. पण देखरेख नसली तर काय होतं, ते आधी बघावं लागेल ना."

"आता कुठे बघत बसतेस? वेळ नाही."

"बघून झालं. तुम्ही तीन दिवस रजेवर होतात." तिने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवले. त्या तिन्ही दिवशी रांग गोदामात नेहमीपेक्षा लवकर पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी कणी पुन्हा पात्यावर बसली. अच्युतरावांनी गव्हाचा एक दाणा उचलला आणि पात्याखालून नेला. मग तोच दाणा परत आणला. असे त्यांनी अकरा वेळा केले. संध्याकाळी कणीची वही त्यांच्यापुढे आली. तिच्यात लिहिले होते, 'क्रमांक शंभर: कोणी पाहत असल्यास एक दाणा नेतो. तोच परत आणतो.'

हे वाक्यही अच्युतरावांनी तक्त्यावर उतरवले. एखादा आकडा बदलणे त्यांच्या हातात होते. त्यांनी लेखणी दोनदा टेकवली, दोनदा उचलली. शेवटी शंभरापुढे शून्यच लिहिले. मात्र शक्य तितके लहान.

मग त्यांनी दवाने पाठ तीनदा धुतली. शेवंतीचा रंग पक्का निघाला. तो गेला नाही.

प्रदर्शनाला तेरा ज्वालामुखी होते आणि कणीचा तक्ता होता. उद्घाटनाला राणीसाहेब आल्या. परीक्षक म्हणून शेजारच्या वारुळातून वाळवीबाई आल्या. त्या प्रत्येक अहवालाचा कोपरा खाऊन गुण देत. अच्युतराव भिंतीला पाठ लावून उभे होते.

"अक्षर तुझं नाही हे," वाळवीबाई म्हणाल्या.

"अक्षर बाबांचं आहे. आकडे माझे."

राणीसाहेबांनी तक्ता वाचला.

"हे सदतीस जण कोण? आणि हा शंभरावा, दाणा परत आणणारा?"

अच्युतराव भिंतीला आणखी चिकटले. वारुळाबाहेर काढले तरी चालेल, पण कणीने आपल्याकडे बोट दाखवू नये, एवढेच त्यांच्या मनात होते.

कणीने त्यांच्याकडे पाहिले नाही. "नावं नोंदवायची नसतात, राणीसाहेब," ती म्हणाली. "नाव कळलं की मोजणारा सांभाळून घेतो."

वाळवीबाईंनी मान डोलावली आणि पहिला नंबर ज्वालामुखीला दिला. तक्त्याला उत्तेजनार्थ मिळाले.

राणीसाहेबांनी मात्र विषय सोडला नाही. काम न करणाऱ्यांचा छडा लावण्यासाठी त्यांनी तिथेच समिती जाहीर केली. समितीला पूर्ण वेळ द्यावा लागेल, म्हणून हातात सध्या काही काम नसलेल्यांनी पुढचा पाय वर करावा, असे त्या म्हणाल्या. छत्तीस जणांनी केला. देखरेखीचा दांडगा अनुभव पाहून अच्युतरावांना अध्यक्ष नेमण्यात आले.

बापलेक घरी निघाले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" अच्युतरावांनी विचारले.

"पहिल्या दिवसापासून. असं पुढे-मागे दुसरं कोणी धावत नाही, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तक्ता इतका छान लिहीत होतात."

सोमवारी समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्षांसह सदतीस सदस्य हजर होते. सगळे भिंतीला पाठ लावून बसले.

त्या दिवशीही रांग लवकर पोहोचली.

तात्पर्य: शाळेने कितीही नको म्हटले, तरी पालकांनी रजा काढून मुलांच्या प्रकल्पात मदत करावी. मुलांचे त्याने फारसे बिघडत नाही आणि तेवढे दिवस बाकीच्यांची कामे वेळेवर होतात.