मुलाकडच्यांचं निळं सरबत

पाहुण्यांना तासभर खुर्चीत बसवून ठेवणं हे अकरावीच्या शेवटच्या तासापेक्षा अवघड असूच शकत नाही, असं सत्यशीलाबाईंचं ठाम मत होतं. यवतमाळच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. भर मार्चात, वीज गेलेली असताना, त्यांच्या वर्गात एकही पोरगं पेंगत नसे. मग वऱ्हाडातले चार काके-मामे म्हणजे काय मोठं?

हे काम त्यांच्याकडे आलं फोनवरून. दिग्रसहून धाकटा भाऊ भीमराज बोलत होता.

"ताई, दीपाचं जमलं. पोरगा ढाणकीचा हाय, अश्वजित नाव. साक्षगंध बी होऊन गेलं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. घाईघाईत उरकलं. तुले सांगाचं राहूनच गेलं पाहा."

"असू दे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्या इतक्या सफाईने म्हणत, की आपण काही विसरलो होतो हेच समोरचा विसरून जाई.

"पण लग्नात तुले एक काम हाय. मुलाकडच्यांले तू सांभाळ. त्यायचा धम्मरत्नमामा मानपानाचा लय कडक हाय. मुलीकडचं कोनी सामोरं गेल्याबिगर थो मांडवात पाय ठेवत नाही. त्याचं मन दुखलं तं दीपाले जन्मभर ऐकावं लागन. मी लग्नाच्या कमिटीच्या धावपळीत राहीन. तुह्याबिगर कोन हाय मले?"

शेवटचं वाक्य त्यांनी फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. बरं वाटलं. मग त्या गॅलरीत गेल्या आणि ही बातमी गोकर्णीच्या वेलाला सांगितली, कारण घरात सांगण्याजोगं दुसरं कोणी नव्हतं.

युक्तीही त्या वेलानेच सुचवली. गोकर्णीच्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकल्या की पाणी गडद निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं-गुलाबी. साखर घातली की झालं सरबत. पाहुणे सरबत पिण्याआधी ते बघत बसतील, प्यायल्यावर त्यावर बोलत बसतील, आणि तोवर बुद्धवंदना सुरू होईल. त्यांनी रोज संध्याकाळी तालीम केली. एक ग्लास करायचा आणि एक समोर ठेवायचा, पाहुण्याचा. मग दोन्ही त्याच प्यायच्या.

लग्न सामूहिक होतं. त्या वर्षांत कापसाने असे काही दिवस दाखवले होते, की दारात स्वतंत्र मांडव घालायची गोष्ट कोणी काढत नसे. दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं आवार कमिटीने मागून घेतलं होतं. कमिटीने सगळ्या नवऱ्यांना एकसारखे पांढरे कपडे आणि निळे फेटे दिले होते, सगळ्या नवऱ्यामुलींना एकसारख्या पांढऱ्या साड्या. मुली जिनिंगच्या ऑफिसात तयार होत होत्या, मुलं स्टेजजवळ ओळीने बसली होती, एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी. अश्वजितचा पासपोर्ट फोटो सत्यशीलाबाईंनी पाहिला होता. त्याला मिशी होती. अर्ध्या ओळीला मिशी होती.

भोंग्यावरून एक आवाज सारखा सांगत होता, "प्रमुख पाहुणे यवतमाळहून निघालेले आहेत. कोनी उठू नये."

मोठ्या फाटकापाशी मेटॅडोरमधून उतरलेली, धुळीने माखलेली मंडळी उभी होती. कोणी त्यांना या म्हणत नव्हतं, म्हणून ती आत येत नव्हती. सत्यशीलाबाई पुढे झाल्या.

"तुम्ही मुलाकडचे?"

"हो बाई, मुलाकडचेच आमी," पुढची ठसठशीत बाई म्हणाली. "मी विमलताई, नवरदेवाची माय. कवाचे उभे हावो इथं. कोनी कुत्रं बी विचारत नाही."

सत्यशीलाबाईंनी हात जोडून माफी मागितली, सगळ्यांना मांडवात नेलं आणि खुर्च्यांवर बसवलं. मग सोबत आणलेल्या सरबताच्या घागरीवरचं झाकण काढलं.

"बाप्पा, निळं!" विमलताई उद्गारल्या. "निळं हाय म्हणजे आपलंच."

सत्यशीलाबाईंनी लिंबू पिळलं. ग्लासातला रंग पालटला तशी सगळी ओळ पुढे वाकली. मागच्यांना दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. एका म्हाताऱ्याने मात्र आपला ग्लास पदराखाली लेकरू लपवावं तसा उपरण्याखाली घेतला.

"माह्या निळ्याले हात नोको लावू, बाई."

"अहो आजोबा, लिंबाशिवाय नुसतं गोड लागेल."

"लागू दे. बिनलिंबाचाच पिईन, पन निळा पिईन."

"दाजी, पोटात जाऊन गुलाबीच होनार हाय," कोणीतरी मागून म्हणालं. "पोटात आसिड रायते."

"आसिड म्हणजे आम्ल," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना थांबवणं कोणालाच शक्य नव्हतं. त्यांनी सोडा घालून हिरवा रंग काढून दाखवला. चिंचेचं पाणी घातलं. शेवटी एका पोरीने बाबांच्या खिशातली तंबाखूची चुन्याची डबी आणली, त्यातला चुनाही घातला, फक्त तो ग्लास कोणाला प्यायला दिला नाही. भोंगा म्हणत होता प्रमुख पाहुणे निघालेले आहेत, आणि लोक म्हणत होते येऊ दे सावकाश.

घागर तळाला गेली तेव्हा विमलताईंनी विचारलं, "बाई, घरी कोन कोन हाय तुमच्या?"

"मी."

"आन?"

"वेल आहे एक."

 विमलताईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली. "बसा. कवाच्या उभ्या हा."

लग्नात कोणी आपल्याला बस म्हटल्याचं सत्यशीलाबाईंना आठवेना. त्या बसल्या. अगदी टेकून बसल्या. आणि नेमका त्याच वेळी एक घामाघूम गृहस्थ मांडवात घुसला.

"हे कोन बाई हाय? आमच्या पाहुण्यांले सरबत पाजून राह्यली?"

"तुमचे पाहुणे?" सत्यशीलाबाई उठल्या. "हे माझ्या भाचीच्या सासरचे आहेत."

"असे कसे? नवरीचा बाप मी हावो! आमचा टेम्पो पंक्चर झाला रस्त्यात, म्हणून उशीर झाला. तेवढ्यात नवरदेव फोडून राह्यल्या काय तुमी?"

"कोणती तुमची मुलगी?"

"प्रज्ञा."

"आमची सून प्रज्ञाच हाय," विमलताई हळूच म्हणाल्या. "बाई, तुमची कोणती?"

"दीपा," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी रिकामी घागर उचलली. बाटलीवर लेबल नसेल तर हात लावायचा नाही, हे त्या दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत. आणि इथे मुलाकडचे का म्हणून विचारलं होतं, कोणत्या मुलाकडचे ते नाही. जिथे तिथे मुलंच मुलं बसलेली असताना!

ढाणकीकर सापडले मागच्या फाटकाशी. जिनिंगच्या जुन्या वजनकाट्यावर, सावलीचा पत्ता नसलेल्या जागी, सगळे उभे होते. मधोमध धम्मरत्नमामा, हाताची घडी घालून, जणू काटा त्यांचं मानासकट वजन करत होता.

"मामा, मी दीपाची आत्या. उशीर झाला, माफ करा. आत चला."

"सकाळपासून पानी बी नाही पिलो आमी."

"नळ आहे की हा, शेजारीच."

"हाय. पन कोनी पी म्हटलं काय?" मामांनी तोंड फिरवलं. "साक्षगंधात तं तुमी दिसल्या नाही. आत्या हा का कोन, हे बी आमाले काय माहीत? ड्रायव्हर, गाडी काढ."

गाडीचं इंजिन सुरू झालं. सत्यशीलाबाईंच्या हातात नुसती रिकामी घागर होती. वर्गात त्यांना शब्द कधी कमी पडले नव्हते, पण वर्गात कोणाची भाची नसे. दीपा ऑफिसात केसांत गजरा माळून घेत असेल. तिला अजून काही माहीत नसेल.

"थांबवा हो गाडी!"

मागून विमलताई येत होत्या. त्यांच्या मागे सगळी मेटॅडोरभर माणसं, त्यांच्या मागे प्रज्ञाचा बाप पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन, आणि सगळ्यात शेवटी म्हातारेबुवा, अर्धा ग्लास निळं सरबत जपत.

"मामासाहेब," विमलताईंनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "तुमचा मान या बाईनं चुकून आमाले पाजला. तो आता आमच्या पोटात हाय, परत काही निघत नाही. म्हणून आमीच तुमाले घ्याले आलो. मुलीकडचे बी, मुलाकडचे बी. चला."

मामांनी गर्दीवरून नजर फिरवली. एका मामाला सामोरं यायला दुसऱ्याच लग्नाची दोन्हीकडची माणसं आजवर ढाणकीत कोणी पाहिली नव्हती. हाताची घडी सुटली. म्हातारेबुवांनी पुढे केलेला ग्लास त्यांनी घेतला, न्याहाळला.

"यात लिंबू नाही वाटते."

"नाही," म्हातारेबुवा म्हणाले. "खास तुमच्यासाठी ठेवला."

मामा काट्यावरून उतरले. तेवढ्यात भोंगा म्हणाला, प्रमुख पाहुणे आलेले आहेत.

वंदना झाली, फुलं पडली, साधू-साधूचा गजर झाला. दीपा हसत होती, आणि आपलं लग्न मोडता मोडता वाचलं, हे तिला कळण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं. मग फोटो सुरू झाले. सत्यशीलाबाई खुर्च्यांखालचे ग्लास गोळा करत होत्या.

"ताई, जराशी बाजूले हो," भीमराज ओरडला. "फोटोत येऊन राह्यली तू."

"असू दे," म्हणत त्या बाजूला झाल्या.

बाजूला होता होता त्या स्टेजच्या पलीकडच्या टोकाला गेल्या, म्हणजे विमलताईंनी दंडाला धरून नेलं. "आमच्या पोराले आत्या नाही," त्या म्हणाल्या, आणि नवरदेवाच्या शेजारची खुर्ची दाखवली.

पावसाळ्यात विमलताईंकडून एक पाकीट आलं. आत फोटो होता. फोटोत अनोळखी नवरदेव, अनोळखी नवरी, आणि मधोमध, सगळ्यात स्पष्ट, रिकामी घागर मांडीवर घेतलेल्या सत्यशीलाबाई. त्यांनी तो चौकटीत घालून गॅलरीच्या दाराशी लावला, वेलाला दिसेल असा.

शेजारच्या शोभाताई साखर मागायला आल्या तेव्हा बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, इतकी वर्षं झाली, तुमच्या घरचं कोणी कधी पाहिलंच नव्हतं. हे तुमच्याकडचे का?"

एका थेंबाची चूक झाली तरी पोरांना अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावणाऱ्या सत्यशीलाबाईंनी वाटीत साखर भरली, चमच्याने सपाट केली, आणि म्हणाल्या,

"नाही. मुलाकडचे."