अर्ध्या कोर्सचे तात्या

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत तात्या परब कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नसत. ते थेट म्हणत, "जीभ दाखय!" आणि आपण मुकाट्याने दाखवायची. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

मी शेजारच्याच खोलीत, त्यामुळे माझी जीभ त्यांनी सर्वांत जास्त पाहिली असेल. मग पत्र्याचा डबा उघडायचा. त्यात अख्ख्या चाळीच्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरने पाच दिवसांच्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, की राहिलेल्या तात्यांकडे जमा करायच्या, हा चाळीचा रिवाजच होता. औषधांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. लाल-काळी तापावर, पांढरी घशावर, आणि पिवळी "कशावरय चलता". "साचो चालाक लागलो की पानो खाली ठेवचो," म्हणायचे. साचा म्हणजे गिरणीतला माग, पानो म्हणजे तो दुरुस्त करायचा पाना. शरीरही मागच, हे त्यांचं शास्त्र. मी बँकेत नोकरीला, शिकलासवरलेला. पण फुकट ते पौष्टिक!

मग वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, क्षय झाला. दवाखान्याने सांगितलं, नऊ महिने गोळ्या. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. पण गोळी घेतली की वहिनींना मळमळायचं, हातातला घास खाली ठेवायच्या. तात्यांना ते बघवेना. "खोकलो गेलो, मगे तिका कित्याक छळूचा?" असं म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि डब्यात टाकल्या.

त्याच आठवड्यात मी खोकत होतो. तात्यांनी त्यातल्याच मला चार दिवस दिल्या. लघवी लालभडक झाली तेव्हा मी बोंबलत त्यांच्याकडे धावलो. "उष्णता भायर पडता हा," तात्या खूश! ही गोष्ट मी चाळभर हसत हसत सांगितली.

गणपती झाले आणि वहिनींचा खोकला परत आला. आता त्याच गोळ्या लागू पडेनात. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मधे बंद केल्या होत्या का? अर्धवट सोडलं की जंतू औषधाला सरावतात हो."

"नाय," तात्या म्हणाले.

मी बाजूलाच उभा होतो. मीही तोंड उघडलं नाही.

शिमग्याआधी वहिनी गेल्या. चाळ निर्लज्ज, तेरावं झालं आणि लोक पुन्हा गोळ्या मागायला तात्यांच्या दारात. त्यांनी डबा मोरीत रिकामा केला होता. मग त्यांच्याकडे कोणी फिरकेनासं झालं.

एका रविवारी ते माझ्याकडे येऊन बसले. चहा नको म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तिच्या गोळ्यांनी तुका तरी बरा वाटला मा?"

माझा तो साधा सर्दीचा खोकला. मिठाच्या गुळण्यांनीही गेला असता. मला माझीच शरम वाटली.

"हो तात्या," मी म्हणालो. "त्यांनीच बरं वाटलं."

"मगे झाला," म्हणाले, आणि डोळे पुसत उठले.