नेरूळ ते नावडे, कासव वगळून

चालण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. नेरूळच्या आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये सोळा निवृत्त माणसं आहेत आणि बाकीच्या पंधरांना माझी फक्त पाठ माहीत आहे. जिने तेवढे मला चढवत नाहीत, पण सपाटीवर मी घोडा आहे! त्या जिन्यांपायीच आम्ही तिसऱ्या मजल्यावरची बिनलिफ्टची जागा विकून नावडे कॉलनीत अकराव्या मजल्यावर लिफ्टवाला फ्लॅट घेतला. आणि मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की आम्ही नवरा-बायको जुन्या घरातून नव्या घरात चालत जाणार. सतरा किलोमीटर!

नवल म्हणजे आमची वैजयंती लगेच हो म्हणाली. तिचं कारण वेगळं होतं. तिचे देव टेम्पोत चपलांच्या पोत्याशेजारी बसून जाणार नव्हते. तिच्या सासूची, म्हणजे माझ्याच आईची, शिकवण अशी की घर बदलताना देव गौरी आणतात तसे आणायचे. एकदा उचलले की नव्या देव्हाऱ्यात बसेपर्यंत त्या बाईने बोलायचं नाही, आणि मागे वळायचं नाही.

"एक शब्दसुद्धा नाही?" मी विचारलं.

"एकही नाही."

खोटं कशाला बोलू, माझा चालण्याचा उत्साह तिथे दुप्पट झाला.

गुरुजींनी दूध उतू घालायचा मुहूर्त दिला होता बारा वीस ते बारा पन्नास. तो हुकला तर पुढचा थेट महिन्याने, आणि मुहूर्ताशिवाय वैजयंती घरात राहायला जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. जुनी जागा तर त्याच सकाळी जयप्रकाशला द्यायची होती. उरणचा हा भला माणूस, त्याने आमची जागा घेतली. त्याची आई बाळाबाई त्याच दिवशी तिथे दूध उतू घालणार होती. म्हणजे मुहूर्त हुकला की आम्ही दोघं, देव आणि टेम्पोभर सामान महिनाभर लिफ्टसमोर!

पण काळजी कशाला? नियोजन माझं होतं. छत्तीस वर्षं मी ड्राफ्ट्समनची नोकरी केली, लोकांनी काढलेले नकाशे नुसत्या नजरेने वाचले. टेम्पो पुढे पाठवला. त्यात वैजयंतीची पर्स गेली आणि पर्समध्ये तिचा फोन, एवढं सोडलं तर सगळं चोख. आमच्या घराच्या किल्लीला एकतीस वर्षं एक पितळी कासव लटकत होतं. ते लाभाचं, म्हणून आदल्या दिवशी ते काढून मी नव्या फ्लॅटच्या किल्लीला अडकवलं. दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात.

सकाळी सात वाजता वैजयंतीने लाल कापडात गुंडाळलेले देव परडीत घेतले, परडी छातीशी धरली आणि तोंड मिटलं. गेटवर जयप्रकाश उभा होता. मी छोटंसं भाषण केलं. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, वगैरे. मग खिशात हात घातला. कासव बोटांना लागलं. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी दारात हेच कासव हलायचं. त्याच तंद्रीत मी ते किल्लीसकट जयप्रकाशच्या हातावर ठेवलं. वॉचमनने सलाम ठोकला.

बघतो तर वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी. तिने डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं, मग जयप्रकाशच्या मुठीकडे, मग परत माझ्याकडे.

"मलाही वाईट वाटतंय गं," मी म्हटलं. "पण मागे वळायचं नाही, तूच सांगितलंयस." आणि तिचा दंड धरून चालू लागलो.

उरण फाट्यापर्यंत तिने मला सात वेळा कोपर मारलं. पहिल्यांदा मी पाणी दिलं. दुसऱ्यांदा टोपी दिली. मग परडी घेऊ का विचारलं, तर तिने ती अशी घट्ट धरली की मी पुन्हा विचारलं नाही. बाकीची कोपरं मी प्रेमाची समजलो.

बेलापूरला ती फुटपाथवर थांबली. चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने धुळीत काहीतरी काढू लागली. एक गोल. गोलाला चार पाय. मी वाकून पाहिलं.

"पलंग?" मी म्हणालो. "अगं, पलंग टेम्पोत चढलाय. मी स्वतः पाहिला."

तिने गोलाला डोकं काढलं.

"हां, डोक्याकडची फळी. ती पण चढली."

तिने डोळे मिटून घेतले. दमली असावी.

खारघरला माझा फोन वाजला. जयप्रकाशचं नाव दिसलं. "गिझर कसा लावायचा विचारत असेल," मी म्हटलं. वैजयंती हनुवटीने फोनकडे अशा खुणा करू लागली, की तो हातातून उडायचाच बाकी राहिला. देवांबरोबर चालताना फोन नको, हे मला पटलं आणि मी तो बंदच करून टाकला. त्यानंतर तिने हातवारे पूर्ण सोडले. आकाशाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट चालू लागली. मला तिचा अभिमान वाटला. केवढी ही श्रद्धा!

बारा पस्तिसाला आम्ही अकराव्या मजल्यावर पोचलो. सतरा किलोमीटर, वेळेत! मी रुबाबात खिशातून किल्ली काढली. किल्लीला कासव नव्हतं. आणि कोऱ्या फ्लॅटची किल्ली एवढी झिजलेली कशी?

पायांतला घोडा तिथेच बसला. सतरा किलोमीटर चालून मी या बाईला तिच्याच घराच्या बंद दारासमोर आणून उभं केलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दार आतून उघडलं. दारात जयप्रकाश, त्याच्या बोटाला कासव.

"काका, अकरा फोन केले तुमाला. नेरूळला कुलूप उघडंना. बघितलं तर किल्लीवर ११०४ लिहिलेलं. तुमच्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेवर पत्ता होता, गाडी काढली नि आलो. तुमचं सामान पण लावून घेतलं."

त्याच्या मागून बाळाबाई आल्या, हातात दुधाचं पातेलं. "ये बाय, आत ये. मुहूर्त चालला व्हता, मंग आमचा दूध मीच ठेवला तुमच्या शेगडीवर. मस भरभरून उतू गेला! घर कोनाचा का असंना, मुहूर्त वाया घालवाचा नाय."

वैजयंती परडीसकट आत गेली. देव बसवले, दिवा लावला, नमस्कार केला. मग उठून माझ्याकडे वळली. साडेपाच तासांनंतरचा पहिला शब्द. मी तयारीत उभा राहिलो.

"पलंग?" ती म्हणाली.

मी हातातली झिजलेली किल्ली खिशात टाकली.

"डोकं काढलं मी त्याला. शेपूटही काढणार होते. छत्तीस वर्षं कसले नकाशे वाचत होता हो तुम्ही?"

मग ती बाळाबाईंकडे वळली आणि त्यांचा हात धरला. "तुमचं घर अजून बंदच की हो. तुमचा मुहूर्त?"

"भटजीनी तीन वाजेपरत सांगितलाय."

"मग चला. तुमचं दूध मी ठेवते."

जयप्रकाशच्या गाडीने आम्ही परत नेरूळला निघालो. ज्या रस्त्याला मला साडेपाच तास लागले, तो चाळीस मिनिटांत संपला. वैजयंती पुढे बसली होती आणि बोलत होती. खारघरला मी मागून हळूच विचारलं, "गेटवर रडलीस ती घरासाठी ना?"

"घरासाठीच," ती म्हणाली. "पण तुम्ही कासव दिलंत आणि रडूच पळालं. नीट रडूही दिलं नाहीत."

गेटवर तोच वॉचमन. सकाळचा सलाम त्याने अर्ध्यावर आणला आणि खिडकीतून डोकावला.

"काय काका, काय राहिलं का?"

मी तोंड उघडलं होतं. पण उत्तर वैजयंतीने दिलं. अगदी पहिल्या कोपरापासून.